नेपानगरचा कौल आणि राजीनाम्याची पळवाट

महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्ह्यात बुऱ्हाणपूर आणि नेपानगर असे दोनच विधानसभा मतदारसंघ आहेत. त्यांपैकी अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या नेपानगरच्या मतदारांना २०१६ ते २०२३ या काळात आमदार निवडण्यासाठी चार वेळा मतदान करावे लागले. २०१८ आणि २०२३ या नियमित निवडणुका होत्या. २०१६ची पोटनिवडणूक, म्हणजे मुदतीच्या मध्येच रिकाम्या झालेल्या जागेसाठीची निवडणूक, आमदार राजेंद्र दादू यांच्या अपघाती निधनामुळे अटळ होती. २०२०ची मात्र राजीनाम्यामुळे ओढवली. लोकप्रतिनिधीने मतदारांशी केलेला करार किती बंधनकारक असतो, हा राज्यकारभाराच्या सचोटीचा मूलभूत प्रश्न या दोन पोटनिवडणुकांमधील फरकातून पुढे येतो.

२०१८ साली काँग्रेसच्या सुमित्रा कास्डेकर भाजपच्या मंजू दादू यांचा १,२६४ मतांनी पराभव करून नेपानगरमधून विजयी झाल्या. २३० सदस्यांच्या विधानसभेत काँग्रेसला ११४ जागा, म्हणजे बहुमतापेक्षा दोन कमी मिळाल्या होत्या. त्यामुळे बुऱ्हाणपूरहून निवडून आलेल्या आमदारासह चार अपक्ष, बसपचे दोन आणि सपचा एक अशा आमदारांच्या पाठिंब्यावर कमलनाथ यांचे सरकार उभे राहिले. मार्च २०२० मध्ये काँग्रेसच्या २२ आमदारांनी राजीनामे दिले, सर्वोच्च न्यायालयाने बहुमत चाचणीचा आदेश दिला आणि ती होण्यापूर्वीच, २० मार्चला, कमलनाथ यांनी पद सोडले. सरकार पडल्यानंतर चार महिन्यांनी, जुलैमध्ये, कास्डेकर यांनीही आमदारकीचा राजीनामा देऊन भाजपमध्ये प्रवेश केला आणि ३ नोव्हेंबर २०२० रोजी राज्यातील २८ जागांवर झालेल्या पोटनिवडणुकांत त्या नेपानगरमधूनच, या वेळी भाजपच्या उमेदवार म्हणून, २६,३४० मतांनी निवडून आल्या.

यात कायद्याचा कोणताही भंग झाला नाही, आणि चिंतेची बाब नेमकी तीच आहे. १९८५ साली बावन्नाव्या घटनादुरुस्तीने आलेला पक्षांतरबंदी कायदा, म्हणजेच राज्यघटनेची दहावी अनुसूची, स्वेच्छेने पक्ष सोडणाऱ्या किंवा पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या सदस्याला अपात्र ठरवतो. २००३च्या एक्क्याण्णवाव्या दुरुस्तीने अशा अपात्र सदस्याला सभागृहाची मुदत संपेपर्यंत किंवा तो पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्रिपदही नाकारले. परंतु आधी जागेचा राजीनामा देऊन तो स्वीकारला गेला की अपात्रतेची कारवाई सहसा होतच नाही आणि मंत्रिपदावरील बंदीही लागू होत नाही. सदस्य नसलेल्या व्यक्तीला सहा महिने मंत्री राहण्याची मुभा राज्यघटना देते. तिचा आधार घेऊन मार्च २०२० मध्ये राजीनामा दिलेल्यांपैकी १४ जण त्याच वर्षी, पोटनिवडणुकीपूर्वीच, मंत्री झाले. जनादेश सोडणाऱ्याला शिक्षेऐवजी बक्षीस मिळण्याची वाट अशा रीतीने कायद्याच्या चौकटीतच मोकळी राहिली आहे.

मतदारांनीच अधिक मताधिक्याने पुन्हा निवडून दिले, मग आक्षेप कशाला, असा प्रतिवाद केला जातो आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा, कारण लोकशाहीत अंतिम निर्णय मतदाराचाच असतो. तथापि अशी पोटनिवडणूक मूळ निवडणुकीसारखी समतोल नसते. सरकारचे बहुमत या निकालांवर अवलंबून असताना मतदारापुढे पक्षांतराच्या योग्यायोग्यतेबरोबरच सत्तेतील आमदार हवा की विरोधातील, हाही प्रश्न उभा राहतो, आणि विकासकामांसाठी शासनावर विसंबून असलेल्या भागात त्याचे उत्तर मोकळेपणाने देणे कठीण असते. २०२३ साली भाजपने येथे पुन्हा मंजू दादू यांना उमेदवारी दिली आणि त्या विजयी झाल्या. पाच वर्षांपूर्वी नाकारलेल्या पर्यायाकडे मतदारसंघ परतला, मधल्या पोटनिवडणुकीचा खर्च मात्र जनतेच्या तिजोरीवर पडला.

प्रचाराच्या सुधारणेचा प्रश्न येथेच या विषयाशी जोडला जातो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ नुसार उमेदवाराच्या खर्चाला कमाल मर्यादा असते आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशेब सादर करावा लागतो. मोठ्या राज्यांत विधानसभेसाठी ही मर्यादा ऑक्टोबर २०२० मध्ये ३० लाख ८० हजार रुपये करण्यात आली आणि जानेवारी २०२२ मध्ये ४० लाखांवर नेण्यात आली. पक्षाच्या सर्वसाधारण प्रचारखर्चाला मात्र मर्यादाच नाही, आणि ‘स्टार प्रचारक’ म्हणून नोंदवलेल्या नेत्यांचा प्रवासखर्चही उमेदवाराच्या हिशेबात धरला जात नाही. देणगीदाराचे नाव जनतेपासून लपवणारी निवडणूक रोख्यांची योजना सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवली, ही मोठी प्रगती होय. पण पैसा कोठून आला हे कळण्याबरोबरच तो किती खर्च व्हावा याचाही नियम असल्याखेरीज लहान पक्ष आणि अपक्ष यांना बरोबरीची संधी मिळणार नाही.

उपाय अज्ञात नाहीत. अपात्रतेचा निर्णय स्वतः पक्षाचे सदस्य असलेल्या विधानसभा अध्यक्षांऐवजी निवडणूक आयोगाच्या सल्ल्याने राज्यपालांनी घ्यावा, अशी शिफारस दिनेश गोस्वामी समितीने १९९० सालीच केली होती, आणि जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्वतंत्र न्यायाधिकरणाचा विचार करण्यास संसदेला सुचवले. त्याच्या जोडीला, आजारपणासारख्या खऱ्या कारणाशिवाय राजीनामा देऊन दुसऱ्या पक्षात जाणाऱ्याला त्या सभागृहाची मुदत संपेपर्यंत पोटनिवडणूक लढवण्यास आणि मंत्री होण्यास बंदी घालणे, तसेच पक्षांच्या प्रचारखर्चावर मर्यादा आणणे आवश्यक आहे. २०२०चा लाभ एका पक्षाला झाला. उद्या दुसऱ्याला होईल, म्हणून हा प्रश्न पक्षीय मानू नये. पक्षांतर करून आलेल्या उमेदवाराला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, मूळ जनादेशाचे काय केले हा प्रश्न प्रत्येक प्रचारसभेत विचारणे आणि या सुधारणांची लेखी हमी मागणे, हे कायदा बदलेपर्यंत मतदारांचे कर्तव्य आहे.