आश्विनातली परसबाग

पेन्शन घेऊन गावी परतलेल्या जोडप्याला आश्विनातला आठवडा पुरत नाही. संध्याकाळी भजन, २ ऑक्टोबरला ग्रामसभा. आणि इकडे ऊन तापून ओल झपाट्याने उडते, म्हणून वाफसा येताच वाफे धरायचे. धने मात्र सबंध टाकू नका हं! एका धन्यात दोन बिया असतात. हलके रगडून फाका करा, रात्रभर भिजवून पेरा. मेथी तीन-चार दिवसांत दिसते, कोथिंबीर दहा-बारा दिवस वाट पाहायला लावते. कंटाळून वाफा उकरू नये.

घरच्या बाईंनी घटाभोवती पेरलेले धान्य विरळ उगवले, तर सावध व्हा. त्याच कणगीतले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा नि कोंब मोजा. सत्तरच फुटले, तर रब्बीला बी वाढवून पेरावे. निम्मेच फुटले, तर ते बियाणे शेतात नेऊच नये.