घमेले बाईच्या डोक्यावर, हजेरी नवऱ्याच्या नावावर

घोडबंदर रस्त्यावरचे टॉवर पाहा, डोंबिवलीजवळची पलावासारखी नवी वसाहत पाहा किंवा कल्याणात जुन्या चाळी पाडून उभ्या राहणाऱ्या इमारती पाहा. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत घरबांधणी हा आज मोठा धंदा आहे. सिमेंट, लोखंड, रेती, खडी यांच्या भावाचा हिशेब बिल्डर रोज करतो. पण डोक्यावर घमेले घेऊन माल वर पोचवणाऱ्या बाईचा हिशेब कोणत्या वहीत आहे? या पानावर आज आम्ही तोच मांडणार आहोत.

सकाळी मजूर नाक्यावर उभ्या असलेल्या बायकांत कोणी जालना-बीडकडची, कोणी नांदेड-परभणीची, कोणी सोलापूर-कलबुर्गीकडची, तर कोणी तेलंगणातल्या महबूबनगरची असते. बंजारा तांड्यांवरून आणि वडार वस्त्यांतून आलेली कुटुंबेही पुष्कळ. पाऊस दगा देतो, शेत सावकाराकडे जाते आणि मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायको शहर गाठतात. १९७२ च्या दुष्काळात याच मराठवाड्यातल्या बायकांनी सरकारी कामांवर खडी फोडली होती. बाईला हे काम नवे नाही, फक्त जागा बदलली.

ओझ्याचा हिशेब

ओल्या काँक्रीटचे वजन लिटरला सुमारे २.४ किलो भरते. घमेल्यात दहा लिटर माल मावतो असे धरले, तर एका खेपेला २४ किलो होतात. दिवसाला २०० खेपा धरल्या, तर एका बाईच्या मानेवरून ४,८०० किलो म्हणजे जवळपास पाच टन माल जातो, तोही जिना चढून. बांधकामाच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांनी प्रौढ बाईने एकटीने उचलायच्या वजनाची मर्यादा ३० किलो ठरवली होती. सिमेंटची गोणी ५० किलोची असते. ती बाईच्या डोक्यावर दिली की नियम मोडलाच.

एवढे करूनही मजुरी पुरुष बिगाऱ्यापेक्षा कमी. विचारले की उत्तर ठरलेले, "बाईचं काम हलकं." हलके काम कोणते, ते या पाच टनांवरून वाचकांनीच ठरवावे. समान कामाला समान मजुरी देण्याचा कायदा १९७६ साली झाला, पण नाक्यावर तो अजून पोचलेला नाही.

जोडीची मजुरी

याहून मोठा घोटाळा हजेरीत आहे. पुष्कळ साइटवर नवरा-बायकोला 'जोडी' म्हणून लावतात. दोघांची हजेरी नवऱ्याच्या नावावर पडते आणि आठवड्याचा पगारही त्याच्याच हातात जातो. वहीत बाईचे नावच नाही. धंद्याच्या दृष्टीने ती कामावर नव्हतीच.

याची किंमत तिला पुढे मोजावी लागते. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने कल्याणकारी मंडळांची योजना आणली आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने बांधकाम खर्चावर उपकर बसवला. महाराष्ट्रात हा उपकर एक टक्का आहे. दहा कोटींच्या इमारतीमागे दहा लाख रुपये मजुरांच्या नावाने जमा होतात. त्यातून प्रसूती, मुलांचे शिक्षण, आजारपण आणि मृत्यू यांसाठी मदत मिळते. मात्र नोंदणीसाठी मागील वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. वहीत नाव नसलेल्या बाईला तो कोण देणार?

पैसा नाही असे कोणी म्हणू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या १९ मार्च २०१८ च्या निकालात देशभरात ३७,४०० कोटींहून अधिक उपकर जमा झाल्याचे आणि त्यातले सुमारे ९,५०० कोटीच खर्च झाल्याचे नमूद आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि हे जुने कायदे त्यांत सामावले गेले. समान मजुरी, उपकर आणि ९० दिवसांची अट मात्र कायम आहे.

सिंगापूरच्या उभारणीत चीनच्या ग्वांगडाँगमधून आलेल्या सॅमसुई बायकांनी डोक्याला लाल फडके बांधून माती-विटा वाहिल्या. त्या एकट्या आल्या होत्या. आपली मजुरी आपल्या हाती घेऊन त्या गावी पैसे पाठवीत. आज तो देश त्यांची आठवण मानाने ठेवतो. आमच्या बाईचे नाव अजून मस्टरवरही नाही.

मूल कुठे ठेवायचे?

४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळ येथे लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली आणि ७४ माणसे गेली. मृतांत बायका आणि मुले होती, कारण बांधणाऱ्या मजुरांची कुटुंबे अर्धवट इमारतीतच राहत होती. हा धडा ठाणे जिल्ह्याने विसरू नये. साइटवर पाळणाघर ही चैन नव्हे. मोबाइल क्रेशेस या संस्थेने १९६९ साली दिल्लीत आणि १९७२ पासून मुंबईत हे काम करून दाखवले आहे.

पुढे काय?

आता तयार काँक्रीट पंपाने वर चढते, विटा लिफ्टने जातात. यंत्र आले की आधी घमेलेवाली घरी बसते, कारण तिला दुसरे काम कोणी शिकवलेलेच नाही. थापी, ओळंबा आणि सळई बांधणे ही विद्या बापाकडून मुलाकडे जाते, बाईकडे नाही. अहमदाबादेत 'सेवा' संघटनेने २००३ साली बांधकाम मजुरांसाठी कर्मिका शाळा काढून बाईलाही गवंडीकाम शिकवले. कुशल मिस्त्री मिळत नाही म्हणून आमच्याकडचे ठेकेदार रडतात, पण वर्षानुवर्षे साइटवर वावरलेली बाई त्यांना दिसत नाही.

आमच्या वाचकांत छोटे ठेकेदार आहेत, घर बांधून घेणारेही आहेत. त्यांना आमचे सांगणे थोडे आहे. हजेरीत बाईचे नाव वेगळे लिहा. तिची मजुरी तिच्याच हाती द्या. ९० दिवस भरले की दाखल्यावर सही करा. यात गाठीचा पैसा फारसा जात नाही, उपकर तर भरावाच लागतो. एका सहीने तिचे बाळंतपण आणि मुलाची शाळा निभावते. घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती ज्याची त्याला द्यावी, एवढेच आम्ही त्यात जोडतो.