सावलीची तुळई, समुद्राकाठची खुर्ची

मिस्त्री आधी तुळईवरून लोहचुंबक फिरवतात, मग तळहात. चुंबकातून सुटलेलं गंजकं टोक हाताला लागतं. एक खिळा जरी आत राहिला तरी करवतीचे दात गेलेच. त्यामुळे चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावच्या या सुतारखान्यात सकाळचा वेळ खिळे उपसण्यातच जातो.

तुळई तालुक्यातल्याच एका मोडलेल्या घराची. मातीच्या भिंती, कवेलूचं छप्पर, पुढे लांब सपरी असं ते घर होतं. तिथे आता स्लॅब पडतो आहे आणि लाकूड निघालं आहे अलिबागकडे. किनाऱ्यावरच्या एका जुन्या घराला १९५०-६० च्या काळातल्या आधुनिक शैलीचं रूप द्यायचं चाललं आहे: आडव्या रेषा, मोठ्या काचा, ठेंगणं सागवानी फर्निचर. खुर्च्या चंदीगढच्या धर्तीच्या हव्यात, आणि त्याही जुन्याच सागाच्या.

"अंशी वर्स झाले याले," मिस्त्री तुळईवर थाप मारून सांगतात. "आता हे हालत नाही." म्हणजे पावसाळ्यात फारसं फुगणार नाही, उन्हाळ्यात पिळणार नाही. नव्या सागाचा भरवसा ते इतक्या चटकन देत नाहीत.

मग रंधा चालतो. वरचा थर चुलीच्या धुराने काळा पडलेला. दोन-तीन हात फिरले की खालून मधाच्या रंगाचं लाकूड उघडतं आणि वास सुटतो. तेलकट, किंचित तिखट, कोऱ्या चामड्याच्या जवळ जाणारा. ८० वर्षं छपराखाली राहूनही त्या लाकडात तेल शिल्लक आहे. वाळवी सागाला सहसा धरत नाही ती याच द्रव्यांमुळे, आणि लाकडातल्या वाळूसारख्या कणांमुळे पात्यांची धार लवकर जाते. मिस्त्रींचा नातू दिवसभर पाती परजत बसलेला असतो. रंध्याचा प्रत्येक नवा हात पडला की तो वास पुन्हा येतो, आणि बघणाऱ्याचं पाऊल दारातून हलत नाही.

८० वर्षं म्हणजे किती? गांधी सेवा संघाच्या अधिवेशनासाठी गांधीजी १९३६ साली खादीचं केंद्र असलेल्या याच सावलीत आले होते. त्यानंतर साधारण दहा वर्षांत ही तुळई चढली. चंदीगढ आखणाऱ्या ल कार्बुझिएचा चुलतभाऊ, या खुर्च्यांचा मूळ रचनाकार पिएर जानेरे तिथे पोहोचला तो १९५१ मध्ये. ज्या खुर्चीची आज नक्कल होते आहे, ती कागदावर उतरण्याआधीपासून हे लाकूड एका घराचं छप्पर पेलत होतं.

जानेरेच्या खुर्चीत लपवाछपवी नाही. उलट्या व्ही आकाराचे जाड पाय, वेताची विणलेली बैठक, सांधे उघड्यावर. सरकारी कचेऱ्यांसाठी, स्थानिक कारागिरांकडून, साग वापरून ती बनली. पुढे कचेऱ्यांनी ती भंगारात काढली आणि परदेशी लिलावांत तिचे लाखो रुपये होऊ लागले. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाला या फर्निचरची विक्री थांबवण्याचे आदेश काढावे लागले. सावलीच्या आसपास पडणाऱ्या घरांचं लाकूड आज त्याच पहिल्या टप्प्यात आहे. मोडणारा भंगार समजून विकतो.

किनाऱ्यावरच्या घरमालकाची निवड मात्र बरोबर आहे. खाऱ्या हवेतले क्षार काँक्रीटमधून सळईपर्यंत पोहोचतात, सळई गंजून फुगते आणि छताचे पापुद्रे सुटतात. त्या काळच्या पातळ छज्ज्यांना हा रोग हमखास. जुना साग तिथे टिकतो. आणि ही शैली कोकणाला परकीही नाही. हार्वर्डला वॉल्टर ग्रोपिअसकडे शिकून आलेले, आयआयटी कानपूर घडवणारे वास्तुकार अच्युत कानविंदे कोकणातल्याच आचऱ्याचे.

खुर्ची जोडण्याचं काम ठरलेलं: चिरकाम, आखणी, पटाशीने भोकं, त्यात कुसू बसवणं, घासकाम, तेल. खिळा एकही नाही.

या जिल्ह्याच्या सागाची कीर्ती जुनी आहे. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून साग गेला तेव्हा मिरवणूक निघाली. पण ज्या सपरीत बसून माणसं उन्हाळा काढायची ती मोडली जाते तेव्हा कुणी थांबत नाही. खोल सावली देणारी सपरी, आतबाहेर जोडणारी मोकळी जागा, उघडं लाकूड: अलिबागच्या घरात जे नव्याने आणायचं आहे ते त्या मोडलेल्या घरात होतंच. ते दुरुस्त करणारे हातही इथेच आहेत, पण गावातून त्यांना काम मिळतं ते स्लॅबच्या फळ्या ठोकण्याचं. हे चुकतं आहे.

चंदीगढच्या अस्सल खुर्च्यांवर कचेरीची अक्षरं रंगवलेली असतात. लिलावात ती आधी तपासतात. इथल्या खुर्च्यांच्या तळाशी फक्त मिस्त्रींच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, डावा पाय, उजवा पाय, आणि घासकामात त्याही जातील. गावाचं नाव का कोरत नाही, असं विचारल्यावर त्यांनी पटाशी खाली ठेवली. "सावली, तीन अक्षरं. पाच मिनिटांचं काम हाये. पण गिऱ्हाइकानं सांगाले पायजे ना."

अलिबागला जाणाऱ्या चार खुर्च्यांना अजून तेल लागायचं आहे. तोवर गिऱ्हाइकाने फोन करून तेवढं सांगावं.