भय, शिक्षा आणि स्पर्श

भय ही माणसाला जन्मतः लाभलेली राखण आहे. धोका जाणवताच छातीची धडधड वाढते, श्वास जलद होतो, स्नायू ताठरतात, आणि पळावे की तोंड द्यावे हे बुद्धीने ठरवण्याआधीच शरीर तयारीला लागते. मेळघाटच्या जंगलात गुरे चारणाऱ्या कोरकू गुराख्याला वाघाच्या चाहुलीने वाटणारे भय, किंवा पावसाळी धुक्यात चिखलदऱ्याचा घाट उतरताना गाडीचालकाला वाटणारे भय, जीव वाचवणारे असते. वऱ्हाडी बोलीत त्याला ‘भेव’ म्हणतात, आणि जंगलाशेजारी राहणाऱ्याने असे भेव बाळगणे हे शहाणपणच होय. प्रश्न निर्माण होतो तो धोका टळल्यानंतरही मनात मुक्काम ठोकणाऱ्या, आणि माणसाला माणसापासून तोडणाऱ्या भयाचा. ख्रिस्ती धर्मविचाराने याच भयाची विशेष दखल घेतली आहे. तो विचार प्रत्यक्षात कसा उतरतो हे पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही, कारण चिखलदऱ्याचा घाट उतरला की परतवाडा लागतो आणि त्याच्याजवळच्या कोठारा येथे ‘द लेप्रसी मिशन’ या ख्रिस्ती संस्थेचे कुष्ठरोग रुग्णालय आहे.

एक शब्द, दोन अर्थ

बायबलच्या मूळ भाषांत भयासाठी योजलेले शब्द दुहेरी अर्थाचे आहेत. हिब्रू भाषेतील ‘यारे’ हे क्रियापद आणि ग्रीक भाषेतील ‘फोबोस’ हे नाम, दोन्ही घाबरण्यासाठी येतात तसेच आदरयुक्त धाकासाठीही येतात. म्हणूनच एकाच ग्रंथात देवाचे भय धरण्याचा उपदेश आणि ‘भिऊ नका’ हा दिलासा एकत्र नांदतात. हा दिलासा वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एक याप्रमाणे ३६५ वेळा आला आहे असे अनेकदा सांगितले जाते. प्रत्यक्ष मोजणीत तो आकडा जुळत नाही, परंतु अब्राहामापासून मरीयेपर्यंत अनेकांना तो मिळाला आहे, हे मात्र खरे.

चौथ्या-पाचव्या शतकातील धर्मचिंतक संत ऑगस्टीन यांनी या दोन अर्थांची फोड केली. एक भय गुलामाचे, ज्याला फटक्यांची धास्ती असते. दुसरे प्रेमाचे, ज्याला प्रिय व्यक्ती दुरावेल याची काळजी असते. पहिल्या भयाने माणूस आज्ञा पाळतो, पण मनातून मालकापासून दूर पळतो. दुसऱ्या भयाने तो जवळ राहू पाहतो. नव्या करारातील योहानाच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात याचे मूळ सापडते. भयाचा संबंध शिक्षेशी आहे आणि पूर्णत्वास गेलेले प्रेम भयाला बाहेर घालवते, असा तेथील विचार आहे. भयाच्या विरुद्ध शौर्य न ठेवता प्रेम ठेवणे, आणि भयाच्या मुळाशी शिक्षेची कल्पना पाहणे, हा या विचाराचा गाभा होय.

रोगापेक्षा मोठे भय

शिक्षेची कल्पना आणि भय यांची गाठ कुष्ठरोगाइतकी घट्ट क्वचितच कोठे बसली असेल. हा रोग पूर्वजन्मीच्या किंवा या जन्मीच्या पापाचे फळ आहे, अशी समजूत अनेक समाजांत होती. जुन्या करारातील लेवीय या पुस्तकात ‘त्साराथ’ झालेल्या व्यक्तीला वस्तीबाहेर ठेवण्याचा नियम आहे. भाषांतरांत या शब्दासाठी ‘कुष्ठ’ किंवा ‘महारोग’ आले, पण त्याच पुस्तकात त्साराथ कपड्यांना आणि घराच्या भिंतींनाही होतो असे म्हटले असल्याने तो आजचा कुष्ठरोगच होता असे मानता येत नाही. तरीही त्या नियमांची सावली शतकानुशतके रुग्णांवर पडली, आणि मध्ययुगीन युरोपात काही ठिकाणी तर चर्चनेच धार्मिक विधी करून त्यांना समाजातून वेगळे काढले. आपल्याच ग्रंथातील प्रेमाचा विचार ख्रिस्ती समाजाला नेहमी पेलला नाही, हे येथे मान्य करावे लागते.

शुभवर्तमानांतील येशूचे वर्तन मात्र या समजुतीला छेद देते. एका जन्मांध माणसाकडे बोट दाखवून हे कोणाच्या पापामुळे झाले असे शिष्य विचारतात, तेव्हा ना त्याच्या ना त्याच्या आईबापांच्या, असे उत्तर येशू देतो. मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात कुष्ठी त्याच्याकडे येतो, त्या प्रसंगी येशू आधी हात पुढे करून त्याला स्पर्श करतो आणि नंतर त्याला बरे करतो. अशा स्पर्शाने स्पर्श करणाराच अशुद्ध ठरे, त्यामुळे हा क्रम फार महत्त्वाचा आहे.

१८७३ मध्ये नॉर्वेतील वैद्य आर्मॉर हॅन्सन यांनी कुष्ठरोगाचा जंतू शोधला आणि शापाची कल्पना वैद्यकशास्त्रापुरती मोडीत निघाली. त्याच वर्षी बेल्जियमचे धर्मगुरू फादर डेमियन हवाई बेटांतील मोलोकाई येथे, जिवंतपणी समाजातून उठवलेल्या कुष्ठरुग्णांमध्ये राहायला गेले. पुढे त्यांनाही तो रोग जडला आणि १८८९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. तेव्हाच्या पंजाबातील अंबाल्याला कुष्ठरुग्णांची अवस्था पाहिलेल्या वेल्स्ली बेली या आयरिश गृहस्थाने १८७४ मध्ये कुष्ठसेवेसाठी संस्था उभारली, तीच आजची ‘द लेप्रसी मिशन’. त्या काळच्या कुष्ठाश्रमांत कडू कवठाच्या तेलापलीकडे फारसे औषध नव्हते आणि त्याचाही भरवसा नव्हता. जखम धुणे, पट्टी बांधणे, सोबत जेवणे एवढेच हाती होते. उपचार येण्याआधी कित्येक दशके तेथे स्पर्श पोहोचला होता.

उपचार नंतर आला. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये बहुविध औषधोपचाराची, म्हणजे एकाहून अधिक औषधे एकत्र देण्याची, शिफारस केली आणि आज त्याने सहा ते बारा महिन्यांत रोग बरा होतो. सुमारे ९५ टक्के लोकांमध्ये या रोगाविरुद्ध उपजतच प्रतिकारशक्ती असते, हेही आज ठाऊक आहे. तरीही कुष्ठरोगाच्या कारणावरून घटस्फोट मागण्याची तरतूद आपल्या व्यक्तिगत कायद्यांतून निघायला २०१९ साल उजाडले. ज्ञानाने जंतूचे भय कमी होते, पण शिक्षेचे, कलंकाचे भय उरते, आणि ते घालवायला कोणीतरी जवळ जावेच लागते.

ही दृष्टी एका धर्मापुरती बंदिस्त नाही. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये तपोवन उभारले, तेही याच भूमीत. वरोड्याला बाबा आमटे पावसात पडलेल्या तुळशीराम या कुष्ठरुग्णाला पाहून घाबरून निघून गेले, पण स्वतःच्या त्या भयानेच अस्वस्थ होऊन परतले आणि पुढे आनंदवन उभे राहिले. स्वतःला निर्भय समजणाऱ्या माणसाने आपले भय कबूल केले, हे त्या कार्याचे बीज होते.

भयाला सामोरे जाण्याची रीत

ख्रिस्ती परंपरेत भयाला सामोरे जाण्याची पहिली पायरीही हीच कबुली आहे. स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी मोठा भाग विलापाचा आहे, आणि त्यांत भक्त आपली भीती देवासमोर आडपडदा न ठेवता मांडतो. गेथशेमाने बागेत, मृत्यूच्या आदल्या रात्री, येशू स्वतः व्याकूळ होतो आणि मित्रांना आपल्याबरोबर जागे राहण्याची विनंती करतो. त्यामुळे भय वाटणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे, असे सरसकट म्हणता येत नाही.

दुसरी पायरी शरीराची काळजी. राणी ईजबेलच्या धमकीने पळालेला एलिया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत झोपतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही, भाकर आणि पाणी देतो व पुन्हा झोपू देतो. काम सोपवले जाते ते फार नंतर. तिसरी पायरी उद्याचे ओझे आज न उचलण्याची. डोंगरावरील प्रवचनातील चिंतेविषयीचा उपदेश याच अर्थाचा आहे. मात्र भय सतत राहून झोप, जेवण आणि कामधंदा बिघडवत असेल, तर तो चिंताविकार असू शकतो. अशा वेळी प्रार्थनेबरोबर वैद्यकीय मदत घेणे हे श्रद्धेला धरूनच आहे. सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

दुसऱ्याचे भय हाताळतानाही हीच रीत लागू पडते. मेळघाटात आजारी बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके देण्याची ‘डम्मा’ ही प्रथा आहे, आणि ती क्रौर्यातून आलेली नसून लेकरू हातचे जाईल या धास्तीतून आलेली आहे. प्रथा घातक असल्याने ती थांबलीच पाहिजे, पण त्या आईला नुसते रागावले तर तिच्या भयात शिक्षेच्या भयाची भर पडते आणि ती दवाखान्यापासून आणखी दूर जाते. गावचा वैद्य असलेल्या भूमकाला विश्वासात घेणारा आणि कोरकू भाषेत धीर देणारा आरोग्यसेवक तिच्या दारापर्यंत पोहोचू शकतो. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठी-हिंदीहून सर्वस्वी निराळी. या डोंगरांत आलेल्या जॉन ड्रेक या मिशनऱ्याने तिचे व्याकरण लिहून १९०३ मध्ये प्रसिद्ध केले. धीर द्यायचा तर आधी ज्या भाषेत भय बोलले जाते ती शिकावी लागते, हे त्या व्याकरणाचे आजही उपयोगी पडणारे मोल आहे.

कुष्ठरोगात त्वचेवरच्या चट्ट्याची संवेदना हरपते. स्पर्श कळेनासा होतो. म्हणून तपासणीत रुग्णाला डोळे मिटायला सांगून त्या चट्ट्यावर हलकेच स्पर्श केला जातो आणि तो कळला का, असे विचारले जाते. ज्या माणसाला जगाने शिवायचे सोडले, त्याचे निदानही कोणीतरी शिवल्याशिवाय होत नाही. प्रेम भयाला बाहेर घालवते हे वाक्य व्यवहारात असेच खरे ठरते: घाबरलेल्या माणसाजवळ बसून, त्याला हात लावून, आणि त्याच्या उत्तराची वाट पाहून.