सोलापुरातलं थँक्सगिव्हिंग आणि नाताळचा फराळ

ज्यांना ऐकायला वेळ होत नाही किंवा ऑफिसात इअरफोन लावता येत नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे बघा' काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय एका श्रोत्याच्या प्रश्नावरून आलाय. मागे एकदा मी म्हणालो होतो, की आमचा क्लायंट अमेरिकन आहे, त्यामुळे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी आमचा संध्याकाळचा कॉल नसतो. तिकडे थँक्सगिव्हिंगची सुट्टी असते. त्यावर प्रश्न आला: 'आपल्या सोलापुरात अमेरिकन मिशनरी राहत होते ना? मग ते इथे हा सण कसा करत असतील?'

प्रश्न साधा वाटतो. पण शोधत गेलो तसं लक्षात आलं की यात दोन प्रश्न आहेत. घरापासून हजारो मैल लांब असलेला माणूस आपला सण कसा टिकवतो, हा एक. आणि जो माणूस घरातच आहे, पण ज्याला घरचा सण सोडायला सांगितलंय, त्याने काय करायचं, हा दुसरा. मला स्वतःला दुसरा जास्त महत्त्वाचा वाटतो. पण तिथे पहिल्या प्रश्नातूनच जावं लागेल.

हे लोक कोण होते?

गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोन अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. त्यांच्या कामातून पुढे 'अमेरिकन मराठी मिशन' उभं राहिलं. १८३१ मध्ये अहमदनगरला केंद्र झालं. १८४२ मध्ये तिथूनच 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू झालं. १८६० साली रेल्वे सोलापूरपर्यंत आली आणि त्याच दशकात मिशनही इथे आलं.

यातले सुरुवातीचे बरेच जण न्यू इंग्लंड भागातले होते, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आजूबाजूची राज्यं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आधी तारखेचा घोळ

इंजिनिअर असल्यामुळे मला पहिल्यांदा तारीखच दिसली. आपल्याकडे पंचांग आहे. दिवाळी कधी हे सोलापुरातही कळतं आणि शिकागोतही, कुणी जाहीर करावं लागत नाही. थँक्सगिव्हिंगचं तसं नव्हतं. सुरुवातीला प्रत्येक राज्याचा गव्हर्नर दरवर्षी जाहीरनामा काढून दिवस ठरवायचा. बरं, शेजारच्या राज्यात तोच दिवस असेल याची खात्री नाही.

आता १८२० च्या सुमाराचा मुंबईतला मिशनरी डोळ्यासमोर आणा. सुएझ कालवा नाही, तो १८६९ चा. जहाज आफ्रिकेला वळसा घालून येणार, म्हणजे पत्राला चार-पाच महिने सहज. जाहीरनामा हातात पडेपर्यंत सण होऊन गेलेला असणार. घरच्यांबरोबर एकाच दिवशी सण करायचा तर तारीख कळणार कशी? एकच मार्ग उरतो: अंदाजाने दिवस ठरवायचा आणि पाळायचा. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हरशी कनेक्शन नाही, घड्याळ आपलं आपणच चालवायचं.

१८६३ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, लिंकनने नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला आणि मग देशभर एकच दिवस पाळायची पद्धत पडली. ती रूळली म्हणताना १९३९ मध्ये रूझवेल्टने सण एक आठवडा अलीकडे आणला. काही राज्यांनी ऐकलं, काहींनी नाही. त्या वर्षी अमेरिकेतच दोन थँक्सगिव्हिंग झाले. शेवटी १९४१ मध्ये कायदा होऊन चौथा गुरुवार कायमचा ठरला.

आणि इथे तर ब्रिटिशांचं राज्य. कचेऱ्या, गिरण्या, बाजार, गुरुवारी सगळं चालूच. सुट्टी फक्त त्या एका बंगल्यात.

नाताळ त्यांचा मोठा सण नव्हता

हे वाचून मी स्वतः चकित झालो. आपल्याला वाटतं, मिशनरी म्हणजे नाताळ. पण न्यू इंग्लंडच्या जुन्या प्युरिटन लोकांना नाताळ मान्यच नव्हता. बायबलमध्ये तारीख दिलेली नाही, मग सण कसला, असा त्यांचा युक्तिवाद. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ नाताळ साजरा केला तर दंड होता. तिथे नाताळची कायदेशीर सुट्टी मिळाली ती १८५६ मध्ये. म्हणजे हॉल आणि नॉट निघाले तेव्हा त्यांच्या गावी वर्षाचा मोठा घरगुती सण होता थँक्सगिव्हिंग. पोरंबाळं, आजी-आजोबा, सगळे एका टेबलाशी, तो दिवस हा.

आपला 'नाताळ' शब्दसुद्धा अमेरिकन किंवा इंग्रज नाही. तो पोर्तुगीज आहे, गोवा-वसईकडून आलेला. पुढे हा सण मराठी ख्रिस्ती माणसाचा सगळ्यात मोठा सण झाला आणि मिशनरींच्या घरचा लाडका सण त्यांच्या बंगल्यापुरता राहिला. मिशनरीने जे जपलं ते पुढे गेलंच असं नाही, एवढं यातून कळतं.

ताटात काय?

थँक्सगिव्हिंगचं ताट म्हणजे टर्की, मका, बटाटा, लाल भोपळ्याचा पाय. टर्की सोलापुरात कुठून मिळणार! गंमत अशी की हा पक्षी हिंदुस्थानात फार आधी येऊन गेलाय. १६१२ मध्ये मुकर्रब खानाने गोव्याहून जहांगीरासाठी तो नेला आणि उस्ताद मन्सूरने त्याचं चित्र काढलं. ते आज लंडनच्या संग्रहालयात आहे.

पण बाकीचं ताट बघा. मका, बटाटा, लाल भोपळा ही सगळी मूळची अमेरिकेची पिकं, पोर्तुगीजांच्या काळात इकडे आलेली. मिरची आणि भुईमूगही त्यातलेच. म्हणजे आपली सोलापुरी शेंगा चटणी, जी आपण बाहेरगावी नेताना बॅगेत सगळ्यात आधी टाकतो, तिचे दोन मुख्य घटक अमेरिकेचे. मिशनरी सोलापुरात पोचला तेव्हा त्याच्या घरचा भोपळा बाजारात आधीच बसलेला होता. फक्त इथे त्याचे घारगे होत होते.

आणि शेतात काय?

थँक्सगिव्हिंग हा मुळात सुगीचा सण. तिकडे नोव्हेंबरपर्यंत पीक घरात आलेलं असतं, थंडी सुरू झालेली असते, म्हणून आभार. सोलापूर जिल्ह्यात नोव्हेंबरला रब्बीची ज्वारी अजून रानात वाढत असते. हुरडा डिसेंबर-जानेवारीत, काढणी फेब्रुवारीच्या पुढे. म्हणजे तिकडचा सण इकडच्या शेताशी जुळतच नाही.

आपल्याकडे त्या भावनेच्या सगळ्यात जवळचा सण म्हणजे वेळ अमावस्या. मार्गशीर्षातली अमावस्या, सोलापूर, धाराशिव, लातूर या पट्ट्यातली. सगळं घर रानात जातं, कडब्याची कोप करतात, पूजा होते, मग भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातली आंबील. ओळखीचा-अनोळखी जो येईल त्याला जेवायला बसवतात. भरलेल्या रानाचे आभार, माणसं गोळा करून. वर्णन ऐकून अमेरिकन माणूस म्हणेल, हे तर आमचंच.

आणि दुष्काळाच्या वर्षी? १८७६-७८ च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळला. पुन्हा १८९६-९७, पुन्हा १८९९-१९००. ज्या नोव्हेंबरात रानात ज्वारीच नाही, त्या नोव्हेंबरात आभार कशाचे मानायचे? १९०० मध्ये 'क्विटो' नावाचं जहाज अमेरिकेतल्या लोकांनी वर्गणी काढून घेतलेला मका भरून मुंबईला आलं. थँक्सगिव्हिंगच्या ताटातलं धान्य उपाशी माणसांपर्यंत गेलं. त्या वर्षापुरतं तरी, सणाचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

आता दुसरा प्रश्न

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पण मिशनरी आपला सण जपत होता त्याच काळात, जो मराठी माणूस ख्रिस्ती व्हायचा त्याला आपले सण सोडावे लागायचे. देव सोडायचे म्हणजे देवांचे दिवसही सुटणार. दिवाळी, दसरा, पोळा, आणि आमच्या सोलापूरकराच्या दृष्टीने सगळ्यात अवघड म्हणजे संक्रांतीची गड्ड्याची यात्रा. नंदीध्वजांची मिरवणूक दारावरून जाणार आणि आपण आत. घर तेच, गल्ली तीच, पण सण शेजाऱ्यांचा. मिशनरी परदेशात राहून घरच्यासारखा, आणि हा घरात राहून परदेशी!

इथे लगेच रागवायला नको, कारण दुसरीही बाजू आहे. नगर-सोलापूर भागात ख्रिस्ती झालेले बरेच जण महार आणि मांग समाजातले होते. गावच्या सणात त्यांना काम होतं, पण पंगतीत जागा नव्हती. सण म्हणजे राबणं आणि शेवटी उरलेलं वाढून घेणं. तो सण सुटला याचं दुःख प्रत्येकाला सारखं कसं होईल? सण सुटला म्हणजे एक अपमानही सुटला. चर्चमधल्या रांगेत सगळे एकत्र बसले, ही त्यांच्यासाठी लहान गोष्ट नव्हती. पण म्हणून करंजीची चव विसरते असं नाही.

मग उत्तर कुणी काढलं?

उत्तर स्वयंपाकघराने काढलं. तुमच्या ओळखीच्या मराठी ख्रिस्ती घरी डिसेंबरात जाऊन बघा. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, लाडू, अनारसे. केक असतो, पण डबे फराळाचे. आमच्या गल्लीत दिवाळीला फराळाची ताटं आमच्याकडून जायची आणि नाताळला तिकडून यायची. लहानपणी मला यात काही विशेष वाटलं नव्हतं, दोनदा चकली मिळते एवढंच कळायचं. आता वाटतं, ज्या बायकांनी पहिल्यांदा हा फराळ दिवाळीतून उचलून नाताळात ठेवला, त्यांनी मोठा निर्णय घेतला होता. त्यांची नावं कुठेही नोंदलेली नाहीत.

भाषेच्या बाजूने हेच काम नारायण वामन टिळकांनी केलं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, नगरला अमेरिकन मिशनबरोबर काम केलं, आणि भक्ती मात्र अभंग-ओवीतच केली. १९१७ मध्ये मिशनपासून वेगळे होऊन त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. टिळकांची गीतं मराठी चर्चमध्ये आजही म्हटली जातात.

आणि थँक्सगिव्हिंगचं काय झालं? अमेरिकन तारीख गेली, टर्की गेली. मराठी ख्रिस्ती लोकांकडे एक सुंदर शब्द राहिला: उपकारस्तुती. पीक आलं, मूल झालं, आजारातून माणूस उठला, की उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवतात. तिला जाहीरनामा लागत नाही.

आज आपली पोरं न्यू जर्सीत शनिवार बघून दिवाळी करतात, कारण खरी दिवाळी मंगळवारी येते आणि रजा नसते. त्यांना कुणी हसलं की मी म्हणतो, हसू नका. तारीख सरकली तर चालतं. कुणाला पंगतीत घेतलं आणि डबा कुणाच्या घरी गेला, ते बघा.

तर मंडळी, एक विनंती. तुमच्या घरी किंवा शेजारी मराठी ख्रिस्ती आजी असतील तर त्यांना विचारा: नाताळचा फराळ घरात कधीपासून, कुणी सुरू केला? उत्तर व्हॉइस नोटवर पाठवा. पुढचा एक पूर्ण भाग फक्त त्यांच्या आवाजांचा करू. आणि हो, चकलीची कृती आली तर तीही चालेल. भेटू पुढच्या भागात.