सारायेव्होचे तीन दिवस आणि अब्बांच्या दोन पेट्या

गेल्या उन्हाळी सुट्टीत आम्ही मियाँ-बीवी आणि आठवीतली लेक असे तिघे व्हिएन्नाला नातेवाइकांकडे गेलो होतो. तिथून रात्रभराचा बसप्रवास करून तीन दिवस सारायेव्हो पाहून आलो. बोस्निया-हर्जेगोविना या देशाची ही राजधानी. युरोपात असूनही जिथे शतकानुशतकं अजान होते आहे, असं हे शहर लेकीला दाखवायचं, एवढाच हेतू होता.

निघण्याआधी घर आवरताना एक गोष्ट ठरली होती. मरहूम अब्बांच्या उर्दू पुस्तकांच्या दोन लोखंडी पेट्या माळ्यावर पडून होत्या. कुरआन शरीफ आणि दीनी किताबं आम्ही आधीच वेगळी काढली होती. उरल्या त्या कथा-कादंबऱ्या, दिवान, जुनी मासिकं. आम्ही शाळेत उर्दू शिकवतो, पण आमचीच लेक मराठी माध्यमात. आमच्यानंतर हे वाचणार कोण? परतल्यावर रद्दीवाल्याला बोलवायचं ठरलं. सहलीच्या लेखात ही गोष्ट कशाला, ते पुढे येईलच.

सारायेव्होचा जुना बाजार म्हणजे बाशचार्शिया. मधोमध चौकात सेबील, म्हणजे लाकडी पाणपोई आणि भोवती कबुतरांचा थवा. ‘सबील’ हा आपल्या मोहर्रमच्या सरबताचा शब्द तिथे ऐकून लेक चमकली. मग तिला खेळच मिळाला. दुकानाला तिथे ‘दुचान’ म्हणतात, साबणाला ‘सापून’, खिशाला ‘जेप’, मोहल्ल्याला ‘महाला’, साखरेला ‘शेचेर’. बोस्नियन ही स्लाव्हिक भाषा. पण चारशे वर्षांच्या उस्मानी राजवटीत तुर्कीवाटे अरबी-फारसी शब्द तिच्यात मुरले. तेच शब्द फारसीवाटे आपल्या उर्दूत आणि मराठीतही आले. लेकीने वहीत दोन रकाने आखले. आम्ही मात्र मनात म्हटलं, हिला या शब्दांचं कौतुक वाटतंय आणि ते ज्या लिपीत आपल्या घरात आहेत ती लिपी हिला येत नाही.

तांबटांच्या गल्लीतून पुढे गेलं की गाझी हुसरेव बेग यांची मस्जिद लागते. हुसरेव म्हणजे आपल्याकडचा खुसरो. हे उस्मानी सुभेदार होते. सोळाव्या शतकातली ही मस्जिद, अंगणात वुजूसाठी कारंजं, शेजारी उंच घड्याळाचा मनोरा. या घड्याळात सूर्यास्ताला बारा वाजतात! मगरिबची वेळ हीच दिवसाची सुरुवात, या हिशोबाने ते लावतात. दिवस लहान-मोठा होतो तसे काटे पुन्हा जुळवावे लागतात, त्यासाठी माणूस नेमलेला असतो.

समोर त्यांचाच मदरसा, १५३७चा. त्याच्या वक्फनाम्यात बेगसाहेबांनी लिहून ठेवलं, की बांधकामातून जो पैसा उरेल त्याची चांगली पुस्तकं घ्यावीत. त्यातून जे ग्रंथालय उभं राहिलं ते आजही चालू आहे. तिथे दहा हजारांवर हस्तलिखितं आहेत, अरबी, फारसी, तुर्की आणि अरबी लिपीतल्या बोस्नियनमधली. आजची इमारत २०१४ साली उघडली. पण ती हस्तलिखितं तिथवर कशी पोहोचली, ते समजायला १९९२मध्ये जावं लागतं.

त्या वर्षी एप्रिलमध्ये सर्ब सैन्याने शहराला वेढा घातला. तो १४२५ दिवस चालला. सारायेव्हो डोंगरांनी वेढलेल्या दरीत आहे. तोफा डोंगरावर, माणसं खाली. वीज नाही, पाणी नाही. पाण्याच्या रांगेत, बाजारात, रस्ता ओलांडताना माणसं मारली गेली. २०१२ साली शहराने मुख्य रस्त्यावर ११,५४१ लाल खुर्च्या रिकाम्या मांडल्या, प्रत्येक मृतामागे एक. तोफगोळ्यांनी पडलेले खड्डे काही ठिकाणी लाल राळेने भरून तसेच ठेवले आहेत. त्यांना ‘सारायेव्होची गुलाबं’ म्हणतात. लेकीचा पाय एकावर पडला, तेव्हा तिने झटकन मागे घेतला.

मे महिन्यात प्राच्यविद्या संस्था जळाली. पाच हजारांहून अधिक हस्तलिखितं गेली. २५ ऑगस्टच्या रात्री राष्ट्रीय ग्रंथालयावर, म्हणजे विएच्नित्सा या नदीकाठच्या देखण्या इमारतीवर, आगीचे गोळे पडले. ग्रंथपाल आणि नागरिक साखळी करून पुस्तकं बाहेर काढत होते. थोडीच वाचली. आइदा बुतुरोविच ही तिथली तरुण कर्मचारी त्या रात्री तोफगोळ्याने मारली गेली. ही इमारत आता पुन्हा उभी आहे, रंगीत काचेच्या छतासह. तिकीट काढून आत फिरताना लेक पहिल्यांदाच गप्प होती.

हे जळताना पाहून गाझी हुसरेव बेग ग्रंथालयाच्या माणसांनी ठरवलं, की आपली हस्तलिखितं एका जागी ठेवायची नाहीत. संचालक मुस्तफा याहिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केळ्यांच्या खोक्यांत ती भरली आणि नेमबाजांच्या टप्प्यातले रस्ते ओलांडून, शहरातल्या शहरात जागा बदलत फिरवली. ही माणसं शिपाई नव्हती. घरी मुलंबाळं असलेले पगारदार लोक होते.

या शहराला ही सवय जुनी आहे. राष्ट्रीय संग्रहालयात चौदाव्या शतकातला, स्पेनमध्ये चितारलेला एक ज्यू ग्रंथ आहे, ‘सारायेव्हो हगादा’. दुसऱ्या महायुद्धात तो जर्मनांच्या हाती पडू नये म्हणून दर्विश कोर्कुत या मुस्लिम ग्रंथपालाने लपवला. त्यांनी एका ज्यू मुलीलाही घरात आसरा दिला होता. आम्ही चालत निघालो तर मस्जिद, जुनं सिनेगॉग, ऑर्थोडॉक्स चर्च आणि कॅथलिक कॅथेड्रल काही मिनिटांच्या अंतरात आली.

तिसऱ्या दिवशी विमानतळाजवळचा बोगदा पाहिला. १९९३ साली धावपट्टीखालून खणलेला, सुमारे आठशे मीटर लांब. वेढ्यातल्या शहरात अन्न आणि औषधं यातून येत. आज त्याचा थोडाच भाग चालता येतो. आमच्यासारख्या बुटक्यांनाही वाकावं लागलं.

संध्याकाळी आमच्या मुक्कामाच्या घरमालकीण काकूंनी तांब्याच्या जेझवेत कहवा केला, सोबत लोकुम. त्यांचा मुलगा इंग्रजीत सांगत होता. वेढ्यातल्या हिवाळ्यात त्यांनी आधी खुर्च्या जाळल्या, मग जुने बूट, मग पुस्तकं. पुस्तकं कोणत्या क्रमाने जाळायची यावर घरात भांडण होई. वडिलांनी काही शेवटपर्यंत दिली नाहीत, थंडीने बोटं सुजली तरी. काकूंनी उठून कपाटातून त्यातलं एक आणून दाखवलं. कडेला काजळी होती. आम्हाला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण काय बोलावं तेही सुचेना. आमच्या पेट्यांवर तर कोणी गोळे टाकत नव्हतं.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं: चलन परिवर्तनीय मार्क, एका युरोला सुमारे १.९६. जुन्या बाजारात हलाल जेवण सहज मिळतं. सोमून नावाच्या पावातले चेवापी मुलांना आवडतात. नमाजच्या वेळी पर्यटकांना मस्जिदीत सोडत नाहीत, नमाज्यांना अर्थातच सोडतात. बोगद्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवा.

घरी आल्यावर रद्दीवाला दोनदा येऊन गेला. त्याला फक्त वर्तमानपत्रं दिली. एका रविवारी पेट्या उघडल्या. काही पुस्तकांना कसर लागली होती, ती गेलीच. बाकीची झटकून, सावलीत पसरून कपाटात लावली. एका दिवानाच्या पहिल्या पानावर अब्बांच्या हाताने काहीतरी लिहिलं होतं. लेकीने विचारलं, काय लिहिलंय? आम्ही वाचून दाखवलं नाही. वही पुढे केली आणि अलिफ काढून दिला. सध्या ती ‘जीम’पर्यंत आली आहे. हळू चाललंय, कंटाळाही करते.

वाचक भगिनी-बंधूंनो, तुमच्याही माळ्यावर अशी एखादी पेटी असेल. रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी एकदा उघडून पाहा.