घडीव पाते आणि खोलगट पाठ : एका विरोधजोडीची चिकित्सा

गोल्फविषयक लेखनात एक प्रश्न वारंवार उपस्थित केला जातो : ‘फोर्ज्ड ब्लेड’ श्रेयस्कर की ‘कॅव्हिटी-बॅक’? वरवर पाहता हा प्रश्न खेळाडूच्या निवडीपुरता आहे. परंतु संज्ञांचा अभ्यास करणाऱ्यास त्यात वर्गीकरणाचा एक दोष आढळतो, आणि त्या दोषामुळे वस्तूविषयीच चुकीची अनुमाने निघतात. तो दोष स्पष्ट करणे एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

प्रथम वस्तूचा विचार करू. आयर्न म्हणजे सपाट व तिरक्या मुखाचे धातूचे शीर्ष असलेला क्लब. ब्लेड प्रकारात शीर्ष लहान, तळ अरुंद आणि पाठीचा धातू सलग असतो. कॅव्हिटी-बॅक प्रकारात पाठीच्या मध्यभागचा धातू कमी करून तो कडांकडे नेलेला असतो. चेंडू मुखाच्या मध्यापासून दूर लागला म्हणजे शीर्ष आपल्या अक्षाभोवती वळू पाहते. वस्तुमान अक्षापासून जितके दूर, तितके जडत्वाघूर्ण अधिक, आणि तितकाच या वळण्यास होणारा विरोधही अधिक. म्हणून चुकलेल्या फटक्यात चेंडूचा वेग व दिशा यांची हानी खोलगट पाठीच्या क्लबात कमी होते. उलटपक्षी, ब्लेडच्या लहान शीर्षामुळे व अरुंद तळामुळे चेंडूची उंची व वळण हवे तसे राखणे निष्णात खेळाडूस सोयीचे वाटते. ही तुलना यथार्थ आहे, कारण दोन्ही बाजूंस घाटाचाच विचार आहे.

‘फोर्ज्ड’ हे विशेषण मात्र निराळ्याच प्रश्नाचे उत्तर देते. ते घाट सांगत नाही, कृती सांगते. आपल्या कारागिरांच्या बोलीत ‘घडीव’ आणि ‘ओतीव’ हा भेद पूर्वापार आहे. तापविलेल्या पोलादावर आघात करून आकार दिला तर वस्तू घडीव, आणि वितळलेला धातू साच्यात घातला तर ओतीव. ओतीव आयर्नसाठी प्रायः मेणाच्या प्रतिकृतीवरून साचा करण्याची पद्धत वापरतात. या पद्धतीचे मूळ तत्त्व आपणांस अपरिचित नाही. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात धातुमूर्तींच्या संदर्भात तिचे वर्णन आलेले आहे.

आता हे उघड होईल की, घाटाचे दोन आणि कृतीचे दोन असे पर्याय घेतल्यास एकूण चार प्रकार संभवतात. घडीव ब्लेड व ओतीव कॅव्हिटी-बॅक हे त्यांपैकी केवळ दोन होत. मिझुनो या जपानी उद्योगाने घडीव आणि तरीही खोलगट पाठीचे आयर्न तयार केलेले आहेत. ‘घडीव’चा विरोधी शब्द ‘ओतीव’ असता त्याच्या जागी ‘खोलगट’ बसविणे म्हणजे ‘हातमागाचे कापड बरे की निळे?’ असे विचारण्यासारखे आहे.

ही जोडी रूढ होण्यास ऐतिहासिक कारण आहे. कार्स्टन सोल्हाइम या अभियंत्याने 1959 साली वस्तुमान दोन्ही टोकांकडे नेलेला पटर बनविला; आघाताच्या ध्वनीवरून त्यास ‘पिंग’ हे अनुकरणवाचक नाव मिळाले. पुढे हेच तत्त्व त्यांनी आयर्नना लावले. 1982 साली आलेले ‘पिंग आय 2’ हे आयर्न ओतीव व खोलगट पाठीचे होते. पाठीवरील खोलगट आकार ओतकामात सुलभतेने साधतो. त्यामुळे कृती व घाट यांचे साहचर्य जुळले, आणि साहचर्यालाच लोक व्याख्या मानू लागले. माग एकाच प्रकारचा होता तोवर तो नुसता ‘माग’ होता. यंत्रमाग आल्यावर तो ‘हातमाग’ झाला. त्याचप्रमाणे खोलगट पाठीचा प्रतिस्पर्धी येताच जुन्या घाटास भेददर्शक नावाची निकड भासली.

या संकराचा परिणाम व्यवहारात दिसतो. नवशिका खेळाडू ‘घडीव म्हणजे अवघड’ असे समजून घडीव कॅव्हिटी-बॅक टाळतो. दुसरा, खोलगट पाठीची क्षमाशीलता घडाईच्या माथी मारतो. वस्तुतः घडाईसाठी सामान्यतः अल्प-कार्बन पोलाद वापरले जात असल्याने अशा शीर्षाचा कोन वाकवून जुळविणे सोपे जाते, हा तिचा ठळक लाभ होय. ‘मृदू स्पर्शा’चे श्रेय मात्र एकट्या घडाईस देता येत नाही, कारण त्या अनुभवात शीर्षाचा घाट व आघाताचा ध्वनी यांचाही वाटा असतो.

नाव हे वस्तूचे वर्णन असतेच असे नाही, हे याच क्रीडाक्षेत्रात अन्यत्रही प्रत्ययास येते. ‘वुड’ म्हणविणारे क्लब आज प्रायः धातूचे असतात, आणि ‘पिंग आय 2’ या आयर्नची एक आवृत्ती तर बेरिलियम-तांब्याची होती. अशी नावे रूढीने निर्वेध चालतात, कारण त्यांवरून कोणी धातूचे अनुमान काढीत नाही. विरोधजोडीचे तसे नाही. ती अनुमानास आमंत्रण देते. म्हणून परिभाषा सिद्ध करणाऱ्याने घडीवसमोर ओतीव आणि सलग पाठीसमोर खोलगट पाठ असे दोन स्वतंत्र अक्ष राखावेत. मग कोणता क्लब घ्यावा या प्रश्नाचे उत्तर कदाचित सोपे होणार नाही. पण प्रश्न तरी नीट विचारला जाईल.